कातड्याएवढी जागा

जव्हारच्या राज्याची सुरुवात एका अर्जानं झाली. निदान ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये नोंदवलेली दंतकथा तरी तसंच सांगते. थळ घाटाजवळच्या मुकणे गावचा एक कोळी सरदार, पुढं जयबा मुकणे म्हणून ओळखला गेलेला, जव्हारच्या नायकाकडे आला आणि म्हणाला, ‘फार नको, एका बैलाच्या कातड्यात बसेल एवढी जागा द्या.’ नायक हसला असेल. अर्ज वाचताना वरिष्ठ हसतातच. त्यानं मंजुरी दिली. जयबानं कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडत नेल्या आणि गडाची सगळी जागा वेढून टाकली. मुकण्यांचं राज्य पुढं थेट १९४८ पर्यंत टिकलं आणि इंग्रजांच्या काळात त्याला नऊ तोफांची सलामी होती. एवढ्याशा जागेत स्वतःला कसं बसवावं, याचं इतकं चांगलं उदाहरण नोकरी-मार्गदर्शनाच्या कुठल्याही शिबिरात मी ऐकलेलं नाही.

हीच गोष्ट कार्थेजच्या डिडो राणीच्या नावावरही सांगतात आणि ती आपल्या जयबाच्या कितीतरी शतकं आधीची. म्हणजे कुणीतरी कुणाचा तरी बायोडाटा उतरवला. जव्हारात त्याचं कुणाला वाईट वाटायचं कारण नाही. इथल्या झेरॉक्स सेंटरांत आजही तेच चालतं.

जव्हार असो की मोखाडा, एसटी स्टँडच्या आसपास अशी दोन-चार सेंटरं असतात. बाहेर फलक: आधार, पॅन, सातबारा, रंगीत झेरॉक्स, लॅमिनेशन, लग्नपत्रिका, बायोडाटा. आत एक संगणक आणि त्यात एक मूळ फाइल. ती कधी, कुणी, कुणासाठी बनवली हे आता कुणालाच ठाऊक नाही, पण दोन्ही तालुक्यांतले सगळे बायोडाटे तिचेच वंशज आहेत. मुलगा येतो, ‘दादा, बायोडाटा पाहिजे’ म्हणतो. दादा मान वर न करता विचारतो, ‘नोकरीचा का लग्नाचा?’ दोन्ही फाइली शेजारी शेजारी नांदतात आणि गर्दीच्या दिवशी एकमेकींत मिसळतात. बोईसरच्या एका कारखान्यासाठी केलेल्या अर्जात उमेदवाराचा वर्ण गव्हाळ आणि अपेक्षा ‘निर्व्यसनी व मनमिळाऊ’ अशी लिहिलेली मी स्वतः वाचली आहे. ती मी खोडली नाही. कारखान्याकडून माणसानं दुसरी अपेक्षा तरी काय करावी?

मी शाळेत मराठी शिकवायचो, म्हणून ही पानं ‘गुरुजी, जरा शुद्धलेखन बघता का’ असं म्हणत माझ्या ओटीवर येतात. त्यात मराठी शुद्धलेखनाला वाव नसतो, कारण ती इंग्रजीत असतात. इंग्रजीही अशी की लिहिणाऱ्याला कळत नाही आणि वाचणाऱ्याला पाठ असते. पहिलीच ओळ ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’. मी एकाला विचारलं, ‘हे काय लिहिलंयस?’

‘आव्हानात्मक वातावरणात काम करायची इच्छा आहे, सर.’

हा मुलगा सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावरचा. पावसाळ्यात ओढा भरला की पाडा जगापासून तुटतो. उन्हाळ्यात विहीर तळ दाखवते आणि टँकरची वाट बघावी लागते. मोबाइलला रेंज हवी तर टेकडीवरच्या एका ठरलेल्या दगडावर उभं राहायचं, आणि सकाळी सातनंतर तो दगडही रिकामा मिळत नाही.

‘आव्हान घरी कमी पडतंय का रे?’

‘नाही सर. पण सगळे लिहितात.’

या ‘सगळे लिहितात’पुढं माझी चाळीस वर्षांची मास्तरकी निमूट बसते. सगळे लिहितात म्हणून छंदांत वाचन, संगीत ऐकणे आणि क्रिकेट. सगळे लिहितात म्हणून गुणांत ‘मेहनती, प्रामाणिक, टीमवर्क’. फोटोत सगळे निळ्या कोटात असतात. तो कोट स्टुडिओवाल्याच्या संगणकातला. मान ज्याची त्याची, कोट सगळ्यांचा. ई-मेलच्या पत्त्यात मात्र प्रत्येकाची प्रतिभा मोकळी सुटलेली असते. एकाचा पत्ता ‘किंग ऑफ जव्हार’ असा होता. जव्हारचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते आणि पुढं लोकसभेत गेले. राजा, हवाई दल, खासदार, अशा तीन ओळींत त्यांचं भागलं असतं. आमच्या किंगला दोन पानं लागली होती आणि दुसऱ्या पानावर नुसतीच तारीख आणि ठिकाण होतं.

जन्मतारखेचं तर विचारूच नका. मूल शाळेत घालायला आणलं की गुरुजी त्याचा जन्म विचारायचे. आई सांगायची, ‘आवणी चालू होती तेव्हा.’ रजिस्टरमध्ये भाताच्या आवणीला रकाना नाही. मग गुरुजी अंदाजानं साल धरायचे आणि पुढं ‘१ जून’ लिहून मोकळे व्हायचे. त्यामुळं जव्हार-मोखाड्यातली निम्मी पिढी १ जूनला जन्मली आहे. (त्या काळचे आम्ही गुरुजी किती जणांचे ज्योतिषी झालो, याची मोजदाद नाही.) त्या दिवशी सगळ्यांच्या स्टेटसवर सगळ्यांचे वाढदिवस असतात. एका कंपनीच्या साहेबानं आलेल्या अर्जांचा गठ्ठा चाळून विचारलं म्हणे, ‘हे सगळे जुळे आहेत का?’

पानाच्या तळाशी प्रतिज्ञा असते: वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. वरचा कोट स्टुडिओचा, उद्दिष्ट मूळ फाइलचं, तारीख गुरुजींची. त्या पानावर मुलाचं स्वतःचं म्हणावं असं काही असेल तर ती सही, आणि नेमकी तीच करायला तो विसरतो.

सरकारी भरतीला हा व्याप लागत नाही, हे तिचं मोठं सुख. तिथं तुम्ही कसे आहात याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. कागद आहेत का ते सांगा. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. खुल्या गटाला हजार रुपये फी, राखीवला नऊशे. इतक्या लोकांना ‘स्वतःविषयी थोडक्यात लिहा’ असं सांगितलं असतं तर वाचायला आणखी एक भरती काढावी लागली असती. पोलिस भरतीत तर माणूस सोळाशे मीटर पळवून बघतात आणि छाती फुगवून मोजतात. किती फुगायचं तेही ठरलेलं, पाच सेंटिमीटर. बायोडाट्यात अशी मर्यादा घातली तर किती बरं होईल.

पण कागदांत एक कागद असा आहे की त्याच्यापुढं कुठलाही बायोडाटा फिका पडावा: जातवैधता प्रमाणपत्र. अनुसूचित जमातीच्या उमेदवारानं ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा आणायचा. म्हणजे नोकरी नातवाला, पण शाळेचा दाखला हवा आजोबांचा. आजोबांनी शाळा बघितली ती बाहेरून, तीही बकऱ्या वळताना. पुरावा पुरेसा नसेल तर आप्तभाव चाचणी. समितीसमोर बसून सांगायचं, तुमचे देव कोणते, लग्न कोण लावतं, कुठल्या सणाला काय करता. वारल्यांच्या मुलाला वाघोबा, हिरवा हे देव आणि लग्न लावणारी धवलेरी, सगळं बरोबर सांगता आलं पाहिजे. ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये स्पष्ट केलं, ते बरंच झालं. मला गंमत वाटते ती वेगळीच. या मुलाला जे खरोखर येतं ते त्याच्या अख्ख्या आयुष्यात अधिकृतपणे एकदाच विचारलं जातं, आणि तेही संशयानं. तिथं धवलेरी सांगता आली नाही तर पंचाईत. आणि बायोडाट्यात धवलेरी लिहिली तर बोईसरचा साहेब विचारणार, हे कुठलं सॉफ्टवेअर?

आदिवासी भागांतल्या ‘पेसा’ भरतीची गोष्ट आणखी लांब. अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वनरक्षक अशी ठरावीक संवर्गांतली पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांनीच भरायची, अशी राज्यपालांची अधिसूचना २०१४ ची. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके त्या क्षेत्रात येतात. मग प्रकरण न्यायालयात गेलं, यादीत नाव लागलेली मुलं वर्षं मोजत बसली. ४ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी आमदारांनी मंत्रालयात वरून खालच्या संरक्षक जाळीवर उड्या टाकल्या. त्यांच्या मागण्यांत ही पेसा भरतीही होती. नोकरीसाठीचं पत्र लक्षवेधी कसं करावं, यावर इंग्रजीत ग्रंथच्या ग्रंथ आहेत. जाळीचा उल्लेख माझ्या वाचनात एकाही ग्रंथात आलेला नाही.

राहिली खाजगी नोकरी, आणि तिच्यासाठी लागणारं कव्हर लेटर. आमच्याकडे त्याला सरळ ‘अर्ज’ म्हणतात आणि तो लिहायची रीत शाळेतच पक्की झालेली असते. त्यात माझाही हात आहेच. ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की...’ इथून गाडी सुटते ती थेट घरच्या परिस्थितीवर थांबते. घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून वडील मोलमजुरी करतात, दोन बहिणींची लग्नं बाकी आहेत, पावसानं घराची भिंत पडली आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती. खाली, आपला आज्ञाधारक. यात खोटं अक्षर नसतं. भिंत खरंच पडलेली असते. पण हा अर्ज दरबाराला करायचा अर्ज आहे. राजापुढं, नंतर कलेक्टरसाहेबापुढं, मग आमदारापुढं करत करत पिढ्यान्‌पिढ्या तो अंगवळणी पडला. दरबारात जो जास्त गरजू त्याचा नंबर आधी. आता समोर बसलेला मनुष्यबळ खात्याचा माणूस मायबाप नसतो. तो पंचविशीतला असतो, त्यालाही दोन बहिणी असतात, आणि त्याला संध्याकाळपर्यंत पॅकिंग विभागात सहा माणसं उभी करायची असतात. त्याला तुमची भिंत नको, तुम्ही त्याची भिंत उभी करू शकता का ते हवंय.

म्हणून मी मुलांना सांगतो: पहिल्या चार ओळींत कुठली जागा, ती कुठं वाचली, तुला त्यातलं काय येतं आणि कधीपासून येशील, एवढंच लिही. त्याच्या कंपनीचं नाव नीट बघून लिही, मागच्या कंपनीचं राहू देऊ नकोस. चालू असलेला फोन नंबर दे, मित्राचा नको. पानभर पुरे. एवढं सांगितलं की मुलं मान डोलावतात आणि हळूच विचारतात, ‘आणि परिस्थिती कुठं लिहायची, सर?’

‘काय येतं’ हाच अवघड प्रश्न. अनुभवाच्या रकान्यात सगळ्यांचं ठरलेलं, ‘फ्रेशर’. असाच एक फ्रेशर समोर बसला होता. विचारत गेलो तेव्हा कळलं, दिवाळी झाली की घरचे सगळे भिवंडीकडे वीटभट्टीवर जगायला जातात. आमच्याकडे कामाला जातात असं म्हणत नाहीत, जगायला जातात म्हणतात. शेठकडून उचललेला बयाणा, दर आठवड्याची खर्ची, हजार विटांमागचा दर, आणि पावसाच्या तोंडावर होणारा शेवटचा हिशेब. आईबाप अंगठेबहाद्दर, त्यामुळं हा सातवीत असल्यापासून सगळा हिशेब याच्या डोक्यात. शेठच्या वहीत एक आकडा, याच्या डोक्यात दुसरा, आणि दोन्ही आकडे जुळेपर्यंत हा पोरगा मुकादमासमोरून हलायचा नाही. बारावीला वाणिज्य शाखेत त्याला बरे गुण होते ते यामुळंच असणार.

मी लिहिलं: अनेक हंगाम वीटकामाच्या मजुरीचा हिशेब ठेवला, उचल, खर्ची व कामाची नोंद आणि ताळमेळ.

तो पानाकडे बघत राहिला. ‘भट्टी लिहायची, सर?’

‘का नाही?’

‘कोणी लिहीत नाही.’

जयबानं काय केलं, तर आहे तेच कातडं बारीक कापलं. दुसऱ्याचा बैल मारला नाही. एवढी एक गोष्ट सांभाळली की बायोडाट्यात बरंच काही बसतं. मोखाड्याच्या बोहाड्याच्या उत्सवात वर्षानुवर्षं रावणाचं सोंग घेणारा एक गडी मला माहीत आहे. दहा तोंडांचा तो मुखवटा डोक्यावर चढवून संबळाच्या तालावर नाचायचं म्हणजे मान, पाय आणि धीर, तिन्ही शाबूत हवेत. शिवाय रात्रभर चालणाऱ्या सोंगांचा क्रम, मशाली, वाजंत्री, रुसलेले मानकरी, हे सगळं बघणाऱ्यांतही तो असतो. त्याच्या बायोडाट्यात छंद काय? टीव्हीवर क्रिकेट बघणे. मी म्हटलं, नाशिकचे मंडपवाले अशा माणसाच्या शोधात फिरत असतात. त्याला ते पटेना. बोहाडा हा देवीचा, तो नोकरीला कसा लावायचा? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रावण तसाच कोरा राहिला.

भाषांचा रकानाही असाच. मराठी, हिंदी, इंग्रजी. घरी वारली, आजोळी कोकणा, सिल्व्हासाच्या कंपनीत दोन वर्षं काढली म्हणून गुजराती. पण लिहायचं काय, तर इंग्रजी, जी त्याला तेवढी येत नाही. याच्या उलट दुसऱ्याचं कातडं पांघरणारेही भेटतात. एकानं संगणकाच्या रकान्यात टॅली, एक्सेल, फोटोशॉप असं सगळं दुकान मांडलं होतं. खरं तर त्याच्याकडे एमएससीआयटीचं प्रमाणपत्र होतं आणि तेवढं पुष्कळ होतं. मुलाखतीत साहेबानं लॅपटॉप पुढं सरकवला आणि म्हणाला, ‘एक शीट करून दाखव.’ यानं दोन्ही बाजूंनी लॅपटॉप बघितला आणि विचारलं, ‘सर, हा चालू कुठून करायचा?’ आमच्या सेंटरातल्या संगणकाचं बटण समोर होतं, ही त्याची बाजू मला अजूनही रास्त वाटते.

कागदाशिवाय नोकरी मिळणारी ठिकाणंही आहेत. नाशिकजवळच्या गिरणाऱ्याला द्राक्षांच्या हंगामात सकाळी मजुरांचा बाजार भरतो. आमच्या बाजूची माणसं तिकडं जातात. बागायतदार येतो, हातांकडे बघतो, दर बोलतो, गाडीत बसवतो. मुलाखत, निवड, नेमणूक आणि बदली, सगळं चहा निवायच्या आत. आणि मोखाड्यातून मुंबईला जाणाऱ्यांत तर सगळ्यात वशिल्याचं म्हणजे पाणी. कोचाळ्याला मध्य वैतरणाचं धरण झालं. तिथलं पाणी रोज मुंबईत जातं, कुठला बायोडाटा नाही की रहिवासी दाखला नाही. आमच्या मुलांना तिथं पोचायला मात्र तीन रंगीत फोटो लागतात.

आता एका मुलीची गोष्ट. कुपोषणाच्या बातम्यांमुळं नव्वदच्या दशकापासून या दोन तालुक्यांत संस्थांची ये-जा असते. काही वर्षानुवर्षं टिकून मनापासून काम करतात, काही मार्चअखेरीला येतात. अशाच एका संस्थेची जाहिरात आली: क्षेत्र समन्वयक पाहिजे. दुर्गम भागात राहण्याची तयारी आवश्यक. आदिवासी समाजाबरोबरच्या कामाचा अनुभव असल्यास प्राधान्य. स्थानिक भाषेचं ज्ञान असल्यास उत्तम. जाहिरात अर्थात इंग्रजीत.

मुलगी खोडाळ्याकडची, बीए झालेली. पान घेऊन आली. अनुभव: फ्रेशर. तिच्या मैत्रिणीच्या मैत्रिणीनं मुंबईहून अर्ज केला होता आणि तो नमुना म्हणून हिच्या फोनवर आला होता. त्यात ‘मोखाडा या अतिदुर्गम भागातील सात दिवसांच्या निवासी शिबिराचा सखोल अनुभव’ असं ठसठशीत अक्षरांत होतं. मी विचारलं, ‘तू मोखाड्यात किती दिवस राहिलीस?’

‘मी? मी इथलीच ना, सर.’

‘वय?’

‘बावीस.’

‘मग लिही, बावीस वर्षांचा निवासी अनुभव.’

तिला आधी हसू आलं, मग भीती वाटली. असं लिहिलेलं चालतं का? चेष्टा नाही ना वाटणार? तासभर बसून आम्ही एक पानाचं पत्र केलं. आई आशाताई असल्यामुळं लहानपणापासून पाड्यांवर तिच्याबरोबर फिरले आहे. बाळांची वजनं घेताना वहीत नोंदी केल्या आहेत. कुठल्या पाड्यावरची माणसं दिवाळीनंतर कुठल्या भट्टीवर जातात आणि कधी परततात हे मला माहीत आहे, त्यामुळं भेटी कधी ठेवाव्यात ते सांगू शकेन. वारली आणि मराठी बोलते. दुचाकी चालवते. ‘परिस्थिती’ कुठंच लिहिली नाही. ‘आज्ञाधारक’ मात्र तिनं शेवटपर्यंत काढू दिलं नाही. म्हणाली, नसलं तर उद्धट वाटेल.

पंधरा दिवसांनी फोनवर मुलाखत ठरली. ती दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीच टेकडीवर जाऊन उभी राहिली, दगड दुसऱ्या कुणी धरू नये म्हणून. मुंबईच्या मॅडम फार गोड बोलत होत्या. पत्र आवडलं म्हणाल्या. मग आवाज जरा गंभीर करून त्यांनी विचारलं, ‘एक अडचण आहे. काम पूर्ण वेळ मोखाड्यात आहे. तिथं रेंज नसते, पाण्याचा त्रास असतो, एसटी वेळेवर येत नाही. तुम्हाला जमेल का? नीट विचार करून सांगा. घरच्यांशी बोलून घ्या हवं तर.’

‘बोलते ना, मॅडम,’ ती म्हणाली. ‘खालीच आहेत, टँकरवर.’